वेळासला एक मुक्काम



ईदची गडबड उरकली, पाहुणे परतले आणि आमच्या मिरजोळ्याच्या घरात एकच विषय सुरू झाला: सुट्टीत जायचं कुठे? थोरल्याला मुंबई हवी होती. धाकटीला शाळेतल्या बाईंनी सांगितलेली कासवं बघायची होती. मुलांच्या अब्बांना एमआयडीसीतल्या नोकरीतून दोनच दिवस मोकळे मिळत होते. शेवटी धाकटी जिंकली. वेळासला जायचं ठरलं. सासूबाई मात्र "कासवं काय बघायचीत? मी घरीच बरी" म्हणत होत्या. नातीने हात धरून त्यांना गाडीत बसवलं.

फजरची नमाज झाली आणि निघालो. डब्यात सांदणं आणि उकडलेली अंडी होती. हमरस्ता सोडून मुद्दाम किनाऱ्याची वाट धरली. आरे-वारे, गणपतीपुळे, मग जयगडहून फेरीबोटीने तवसाळ. गाडीसकट खाडी ओलांडायची म्हणजे मुलांना केवढी गंमत! गुहागरच्या किनाऱ्यावर चहाला थांबलो, तेव्हा मुलांच्या अब्बांनी एका कासविणीची गोष्ट सांगितली. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर तिला बिल्ला लावला होता आणि २०२५ च्या जानेवारीत ती इथे गुहागरला अंडी घालताना सापडली. साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर ती पोहली असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. "रस्ता कोणी दाखवला तिला?" धाकटीने विचारलं. उत्तर कोणाकडेच नव्हतं.

धोपाव्याहून दुसरी फेरीबोट घेऊन दाभोळला उतरलो. खाडीकाठच्या जुन्या आदिलशाही मशिदीपाशी जरा विसावलो आणि दापोली, मंडणगड करत संध्याकाळच्या आत वेळासला पोहोचलो.

मंडणगड तालुक्यातलं हे छोटंसं गाव. नाना फडणवीसांचं म्हणून पूर्वी ओळखलं जायचं, आता कासवांचं म्हणून. ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. पिल्लांसाठी ती थांबत नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये इथे गावकरी आणि वनखात्याला बरोबर घेऊन अंडी राखायला सुरुवात केली. पहाटे किनारा फिरायचा, कासविणीच्या पावलांचा माग काढायचा, अंडी हलक्या हाताने काढून कुंपणातल्या वाळूत तितक्याच खोल पुरायची. दीड-दोन महिन्यांत पिल्लं वर येतात. २००६ पासून इथे कासव महोत्सव भरतो आणि पाहुण्यांची सोय गावातल्या घरांतच होते.

संध्याकाळी सगळे दोरीमागे उभे राहिले. घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या एकेक करून उचलल्या गेल्या. एकीखालीही पिल्लू नव्हतं. एवढा प्रवास करून काहीच नाही! धाकटी रडायलाच लागली. तिथला कार्यकर्ता म्हणाला, "ताई, कासवं आपल्या सुट्टीप्रमाणे येत नाहीत. सकाळी या."

आम्ही उतरलो ते घर पूर्ण शाकाहारी. कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी असं जेवण. मुलांनी दोनदा भात मागितला. नमाजसाठी काकूंनी न सांगता पडवी झाडून चटई अंथरली आणि विचारलं, "तुम्हाला पश्चिम लागते ना? मग समुद्राकडेच तोंड करा." मला फार बरं वाटलं.

रात्री मुलं झोपल्यावर सासूबाई हळूच बोलायला लागल्या. त्यांचं माहेर खाडीकाठचं. "माझा भाऊ पहाटे किनाऱ्यावर जायचा. माग दिसला की हाताने वाळू उकरायची. अंडी बाजारात विकली जायची. टोपली मी धरायची. कितीही उकडा, आतलं पांढरं घट्ट होत नाही, असं घेणारे सांगायचे. घरात पैशांची चणचण होती गं. पण त्या मागून आलेल्या कासविणीचा विचार एकदाही मनात आला नाही." त्या यायला का तयार नव्हत्या, ते मला तेव्हा कळलं. काय बोलावं सुचेना. मी फक्त त्यांचे पाय चेपत बसले.

फजरनंतर पुन्हा किनाऱ्यावर गेलो. तिसरी टोपली उचलली आणि खाली वाळू हलत होती! काळपट, तळहातात मावतील अशी अकरा पिल्लं. त्यांना पाण्यापासून थोडं लांब ठेवलं, कारण ती वाट त्यांनी स्वतः चालायची असते. एक पिल्लू लाटेने दोनदा उलटं मागे फेकलं. दोन्ही वेळा ते सरळ झालं आणि पुन्हा पाण्याकडेच निघालं. धाकटी श्वास रोखून बघत होती. सासूबाईंचे ओठ हलत होते. तिसऱ्या लाटेत ते गेलं.

सासूबाई त्या कार्यकर्त्याजवळ गेल्या. "बाळा, मला टोपली धरू देशील?" त्याने रिकामी टोपली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घरट्यावर नीट झाकून ठेवली.

तो सांगत होता की पूर्वी अंडी काढणाऱ्यांनाच माग उत्तम ओळखता यायचा. राखणीलाही तीच नजर लागते. कासवासाठी लोक येतात, मुक्कामाचे चार पैसे घरात येतात, म्हणून गावालाही अंडी राखावीशी वाटतात. नुसत्या कायद्याने हे झालं नसतं.

तुम्ही जाणार असाल तर फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत जा. आधी फोन करून घरटी फुटायला आली आहेत का ते विचारा आणि राहण्याची जागा ठरवा. शक्यतो दोन मुक्काम ठेवा, म्हणजे मुलं हिरमुसणार नाहीत. रोख पैसे जवळ ठेवा. किनाऱ्यावर बॅटरी किंवा फ्लॅश मारू नका. उजेडाने पिल्लं वाट चुकतात. पिल्लांना हात लावू नका, दोरी ओलांडू नका, आणि प्लास्टिकची पिशवी परत घरी आणा.

परतीच्या फेरीबोटीत सासूबाई मुलांना माहेरच्या खाडीच्या गोष्टी सांगत होत्या. टोपलीची गोष्टही त्यांनी सांगितली, काही न लपवता. नातीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादी, पुढच्या वर्षी आपण दोघी टोपली धरू या?"

"इन्शाअल्लाह," त्या म्हणाल्या.