खोबरेल : न्हाणीघरात की स्वयंपाकघरात?

खोबरेल हे खाण्याचे तेल की केसांना लावण्याचे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावा आणि त्याचा निकाल लागण्यास वर्षानुवर्षे लागावीत, ही गोष्ट प्रथमदर्शनी गंमतीची वाटेल. २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाचे या प्रश्नावर एकमत होऊ शकले नाही. अखेर १८ डिसेंबर २०२४ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने असा निर्णय दिला की, शुद्ध खोबरेल लहान बाटलीत भरले एवढ्यावरून ते केशतेल ठरत नाही. बाटलीवरील मजकुरावरून आणि वेष्टनावरून ते केसांसाठी विकले जात असल्याचे स्पष्ट होत नसेल, तर ते खाद्यतेलच मानले पाहिजे. वाद अर्थातच कराचा होता. वस्तू व सेवा कर आल्यावर खाद्यतेलाला ५ टक्के आणि केशतेलाला १८ टक्के असा फरक राहिल्याने त्याचे महत्त्व टिकून होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून केशतेलावरील करही ५ टक्क्यांवर आला आणि करापुरता हा वाद बहुतांशी निरर्थक झाला.

न्यायालयाने खोबरेलाला खाद्यतेल म्हटले. महाराष्ट्रातील बहुसंख्य घरे मात्र त्याला तसे मानीत नाहीत. घाटावर शेंगदाण्याचे आणि करडईचे तेल ही खाण्याची तेले, आणि खोबरेल ही न्हाणीघरातील फळीवर ठेवण्याची वस्तू, अशी विभागणी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. घाटावर नारळ पिकत नाही, तेव्हा त्यात वावगे काही नाही. विचार करण्याजोगी गोष्ट ही की, जेथे नारळ पिकतो त्या किनारपट्टीवरील अनेक घरांतूनही खोबरेल गेल्या काही दशकांत चुलीजवळून हलले. ते परत यावे काय, आणि आले तर किती, याचा विचार भावनेच्या आहारी न जाता करण्याची वेळ आली आहे.

आवेलाचा विसर

तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या तिखल्यावर, भांडे उतरवताना चमचाभर कच्चे खोबरेल सोडण्याची रीत दक्षिण कोकणात आणि गोव्यात आहे. त्या चमचाभर तेलाने कालवणाला जो वास येतो, तो दुसऱ्या कोणत्याही तेलाने येत नाही. फणसाचे गरे तळावेत ते खोबरेलातच, असे तिकडचे जाणते लोक सांगतात. या तेलाचा एक प्रकार तर घरीच होत असे. पक्क्या नारळाचे ओले खोबरे खवून, वाटून त्याचा रस काढावयाचा आणि मंद आचेवर तो आटवीत राहावयाचे. पाणी उडून जाते, गाळ तांबूस होऊन तळाशी बसतो आणि वर स्वच्छ, सुगंधी तेल सुटते. यालाच आवेल म्हणतात. दहापंधरा नारळांतून जेमतेम लिटरभर तेल निघते. म्हणून ते जपून वापरले जाई.

हे आवेल मागे का पडले? श्रम आणि वेळ ही कारणे आहेतच. नारळ विकून रोख पैसे मिळू लागल्यावर तो वाटून आटवण्यात दिवस घालवणे परवडेनासे झाले. डब्यांतून आणि पिशव्यांतून येणारे शुद्धीकृत तेल स्वस्त पडू लागले. त्याच्या जोडीला आरोग्याचा धाक आला. संपृक्त स्निग्ध पदार्थांनी रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते ही माहिती सर्वत्र पसरली आणि खोबरेलावर फुली बसली. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबातील आजींना मुंबईच्या मुलाने पंचवीस वर्षांपूर्वी खोबरेल वर्ज्य करावयास लावले. आज त्याच घरात नातीच्या केकसाठी परदेशी धाटणीच्या काचेच्या बरणीतून ‘व्हर्जिन कोकोनट ऑइल’ येते, आणि आजींनी विचारले, ‘‘हे आवेलच ना रे?’’ तर घरात त्यांना कोणी नीटसे उत्तर देत नाही. बरणीतील तेल न तापवता काढलेले असेल, त्याची पद्धत अधिक काटेकोर असेल. परंतु ओल्या खोबऱ्यापासून काढलेले अशुद्धीकृत तेल, हे दोघांचेही मूळ एकच.

विष नव्हे आणि अमृतही नव्हे

काल विष ठरवलेली वस्तू आज अमृत म्हणून विकली जाते तेव्हा सामान्य गृहिणीने विश्वास कोणावर ठेवावा? उत्तर असे की, दोन्ही टोकांच्या प्रचाराकडे पाठ फिरवून आकड्यांकडे पाहावे. खोबरेलातील स्निग्धांशापैकी ८० ते ९० टक्के भाग संपृक्त असतो. लोण्यातील किंवा तुपातील प्रमाणाहूनही हे अधिक आहे. अमेरिकेतील हृदयरोगविषयक संघटनेने २०१७ मध्ये खोबरेलाचा वापर टाळण्याचा सल्ला दिला. २०२० मध्ये अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यातही करडई, सूर्यफूल यांसारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेलाने रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढते असेच दिसले. हितकर मानले जाणारे कोलेस्टेरॉलही थोडे वाढते, एवढाच दिलासा. खोबरेलाने वजन उतरते हा दावा तर बहुतांशी मध्यम लांबीच्या स्निग्धाम्लांपासून मुद्दाम बनवलेल्या वेगळ्याच तेलावरील प्रयोगांचा आधार घेतो. खोबरेलातील जवळजवळ निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा असतो आणि शरीरात त्याचे वर्तन पुष्कळसे लांब साखळीच्या स्निग्धाम्लांसारखेच असते.

याउलट, खोबरे खाणारे सारे लोक हृदयरोगाने पछाडलेले असतात, हेही खरे नाही. प्रशांत महासागरातील तोकेलाऊ आणि पुकापुका या बेटांवरील लोकांचा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. नारळ हा त्यांच्या आहाराचा कणा असूनही त्यांच्यात रक्तवाहिन्यांचे विकार विरळा आढळले. परंतु ते लोक नारळ खात ते मुख्यतः खोबरे आणि रस या रूपात, मासळीबरोबर; साखर त्यांच्या आहारात थोडी आणि अंगमेहनत भरपूर. त्यांचा दाखला देऊन बैठे काम करणाऱ्या मुंबईकराने खोबरेलात पुऱ्या तळाव्यात, हा न्याय नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये पुन्हा सांगितलेली मर्यादा अशी की, दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून अधिक उष्मांक संपृक्त स्निग्धांपासून येऊ नयेत. दिवसाला २००० उष्मांक घेणाऱ्या माणसाला याचा अर्थ सुमारे २२ ग्रॅम. जेवणाच्या मोठ्या चमचाभर खोबरेलातून यांपैकी सुमारे १२ ग्रॅम येतात. म्हणजे दोन चमच्यांत दिवसाचा वाटा संपतो. दूध, तूप आणि वाटणातील खोबरे यांचा हिशेब तर अजून व्हावयाचाच असतो. मात्र चौघांच्या घरात महिन्याला अर्धा लिटर खोबरेल वापरले, तर माणशी रोज चार ग्रॅमसुद्धा पडत नाहीत. आवेल जपून वापरणाऱ्या घरात, फोडणीला आणि वरून सोडण्याला, एवढेच तेल लागत असे. या प्रमाणात ते निरोगी माणसाच्या आहारात सहज बसते. ज्यांना हृदयविकार आहे किंवा ज्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांचेच ऐकावे.

भट्टीतील उपयोग

खोबरेलाचा आणखी एक उपयोग आहे, तो आपल्या आज्यांना फारसा ठाऊक नव्हता. केक, नानकटाई, बिस्किटे घरी भाजण्याची हौस आता मध्यमवर्गात रुजली आहे. या पदार्थांना घट्ट स्निग्ध पदार्थ लागतो. लोणी महाग म्हणून आपण अनेक वर्षे वनस्पती तूप वापरले. वनस्पती तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते घट्ट केले जाई आणि त्या प्रक्रियेत ट्रान्स मेद तयार होत. त्यांची हानी इतकी स्पष्ट झाली की, जानेवारी २०२२ पासून खाद्यतेलांतील व स्निग्ध पदार्थांतील त्यांचे प्रमाण २ टक्क्यांवर आणण्याचे बंधन आपल्याकडे घालण्यात आले. खोबरेल मात्र कोणत्याही प्रक्रियेविना २४-२५ अंशांखाली आपोआप थिजते. नानकटाईला जो खुसखुशीतपणा हवा, तो त्यातून मिळतो.

मात्र काही पथ्ये पाळावी लागतात. लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असते, खोबरेलात ते नसते. म्हणून १०० ग्रॅम लोण्याच्या जागी ८० ग्रॅम खोबरेल आणि चमचाभर दूध घ्यावे. साखरेबरोबर फेसावयाचे तर ते मऊ पण थिजलेले हवे. मुंबईच्या हवेत त्यासाठी थोडा वेळ शीतकपाटात ठेवावे लागेल. पुण्यानाशकाच्या थंडीत उलट बाटली कोमट पाण्यात उभी करावी लागेल. वितळलेल्या खोबरेलात थंड दूध किंवा अंडी घातल्यास त्याच्या गुठळ्या होतात, तेव्हा सारे जिन्नस घरातील हवेइतकेच उबदार असावेत. अशुद्धीकृत तेलाचा वास गूळ, वेलची, कोको यांच्याशी जुळतो. ज्या पदार्थात तो नको असेल तेथे शुद्धीकृत वापरावे. तळणासाठीही अशुद्धीकृत तेल फार तापवू नये, कारण सुमारे १७५ अंशांना ते धुरावू लागते. अर्थात खोबरेलाचा झाला म्हणून केक पथ्याचा होत नाही. तो सणावाराचाच पदार्थ राहावा.

प्रश्न बाजाराचा आणि बागायतदाराचा

आता किमतीकडे वळू. २०२५ च्या मध्यास केरळात खोबरेलाचा किरकोळ भाव लिटरला ४०० रुपयांच्या वर गेला होता. भाव चढला की भेसळ वाढते, हा बाजाराचा नेहमीचा अनुभव आहे. ग्राहकाच्या हाती एक साधी कसोटी आहे. काचेच्या पेल्यात थोडे तेल घेऊन तासदीड तास शीतकपाटात ठेवावे; शुद्ध खोबरेल थिजते, अन्य तेल मिसळलेले असेल तर त्याचा थर वेगळा दिसतो. पण गृहिणीने प्रत्येक बाटलीची परीक्षा घेत बसावे, ही अपेक्षा योग्य नव्हे. तेल खाण्याचे आहे की नाही, सुक्या खोबऱ्याचे की ओल्या, शुद्धीकृत की घाण्याचे, हे बाटलीच्या दर्शनी भागावर मराठीत ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती झाली पाहिजे. आज एकाच बाटलीवर खाद्यतेलाचे बारीक चिन्ह आणि लांबसडक केसांचे चित्र नांदू शकते. करातील फरक मिटल्यामुळे ही संदिग्धता ठेवण्याचे कारणही आता उरलेले नाही.

दुसरा मुद्दा कोकणाचा. केरळ, तमिळनाडू, कर्नाटक यांच्या तुलनेत आपले नारळाचे उत्पादन थोडे. येथला नारळ बहुतेक शहाळे किंवा ओला नारळ म्हणूनच विकला जातो. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र आहे. बाणवलीसारखी जुनी आणि तेथेच विकसित झालेली प्रतापसारखी नवी जात बागायतदारांना ठाऊक आहे. परंतु झाडावरून उतरलेल्या नारळाचे गावातच तेल व्हावे, अशी सोय मोजक्याच ठिकाणी आहे. आवेल काढण्याची विद्या ज्यांच्या हाती होती त्या बायका आता वृद्ध झाल्या. त्यांच्याकडून ती शिकून, स्वच्छतेची आणि ओलावा पूर्ण घालवण्याची जोड देऊन, गावोगावच्या महिला बचत गटांनी हा व्यवसाय उभारला, तर बरणीची किंमत गावातच राहील. ओलावा राहिलेले तेल लवकर खवट होते, हीच या धंद्यातील मुख्य अडचण आहे. लहान यंत्रे आणि तपासणीची जवळपास सोय एवढ्याने ती दूर होण्यासारखी आहे. शासनाने मोठ्या घोषणा करण्यापेक्षा नारळ पिकवणाऱ्या प्रत्येक तालुक्यात हे एवढे करून दाखवावे.

घाटावरच्या घरांनी आपले शेंगदाणा तेल सोडून खोबरेलाकडे वळावे, असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. ज्या भूमीत जे पिकते ते तेथे खावे, हे शहाणपण दोन्हीकडे सारखेच लागू आहे. कोकणातील घराने मात्र आपल्या परसातील वस्तू प्रथम भीतीपोटी टाकावी आणि नंतर परकी चिठ्ठी लावून आल्यावर चौपट पैसे मोजून घ्यावी, यात ना आरोग्य आहे ना व्यवहार. त्या आजींच्या प्रश्नाला घरातील कोणीतरी ‘‘होय, हे आवेलच’’ असे सरळ उत्तर दिले पाहिजे. आणि ते किती घालावयाचे, हेही त्यांनाच विचारले पाहिजे.