सालीसकट फळी

माझे बाबा बल्लारपुरातल्या एका आरामशिनीवर चिराईचे काम करतात. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. गेल्या वर्षी कॉलेजच्या वाचनालयात एका मासिकात टेबलाचे चित्र पाहिले. फळीची कड सरळ न कापता झाडाच्या वळणासह तशीच ठेवलेली! घरी सांगितले तेव्हा बाबा हसले, "अवं, हे कड तं आपण कापून चुलीत घालतो!"

मग त्यांनी मला लाकूड शिकवले. चिरले म्हणजे काम संपले नाही. ओल्या फळ्या सावलीत, जमिनीपासून उंच रचायच्या. दोन फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवायच्या, म्हणजे वारा खेळतो. टोकांतून पाणी लवकर जाते, म्हणून तिथे रंग किंवा मेण लावायचे. नाहीतर फळी तडकते. वर वजन ठेवायचे. एक इंच जाडीला साधारण एक वर्ष, हा जुना हिशेब. सालीजवळचे पांढरे लाकूड किडीला लवकर बळी पडते, त्याची निगा वेगळी.

एवढे जाणणाऱ्या माणसाच्या घरी ताईच्या लग्नातला दिवाण पहिल्याच उन्हाळ्यात तडकला. लाकूड ओले होते, हे बाबांना दिसत होते. पण मुहूर्त थांबत नाही आणि वाळलेल्या लाकडाला पैसे जास्त पडतात!

२९ मार्च २०२३ रोजी बल्लारपुरातून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान वाजतगाजत निघाले. आम्हीही रस्त्यावर उभे होतो. दरवाजे घडवण्याचे काम मात्र हैदराबादच्या कंपनीकडे होते. अभिमान आमचा, कारागिरी दुसऱ्याची, असे किती दिवस चालायचे?

कोणी म्हणेल, तुम्हाला आणखी जंगल तोडायचे आहे काय? मुळीच नाही. एकही झाड जास्त नको. डेपोत लिलावाला येणाऱ्या लाकडातलेच थोडे इथे चिरावे, इथेच वाळवावे, इथल्या पोरांनी घडवावे. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि पुढे गावाने आपला बांबू स्वतः विकून दाखवला. मग चंद्रपूर-गडचिरोलीत लाकूड वाळवण्याची एक सामाईक शेड का उभी राहू नये?

मित्रहो, सध्या आमच्या पडवीत एक फळी सालीसकट वाळते आहे. बाबांनी मालकाला पैसे मोजून ती आणली. दीड इंच जाडी आहे. मी तिसऱ्या वर्षाची परीक्षा देईन, तेव्हा तिचे टेबल होईल. तोवर आई रोज विचारते, "हे चुलीत कधी घालू?"

(बी. ए. भाग २)