देव्हाऱ्यातला डोस्टोएव्हस्की

लेखकाचा एकदा देव केला की त्याची पुस्तके वाचण्याची कटकट वाचते. रशियातल्या प्रतीकवादी मंडळींनी डोस्टोएव्हस्कीचे नेमके हेच केले. तो वारला १८८१ साली. वीस वर्षे होतात न होतात तोच मेरेझकोव्हस्कीने टॉलस्टॉयला देहाचा द्रष्टा आणि ह्याला आत्म्याचा द्रष्टा ठरवले; १९०६ मध्ये तर रशियन क्रांतीचा प्रेषितच करून टाकले. पुढे व्याचेस्लाव्ह इव्हानोव्हने त्याच्या कादंबरीला ग्रीक शोकांतिकेच्या पंक्तीला बसवले. (इव्हानोव्हने निदान रचनेकडे पाहिले, एवढे श्रेय मी त्याला देतो.)

पण वाचकहो, १८६६ च्या ऑक्टोबरातला तो कर्जबाजारी कादंबरीकार गेला कुठे? स्टेलोव्हस्की नावाच्या प्रकाशकाशी त्याचा करार होता : १ नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी हाती न पडल्यास पुढची नऊ वर्षे त्याचे लेखन फुकट छापण्याचा हक्क प्रकाशकाला! तेव्हा आन्ना ही वीस वर्षांची लघुलेखिका रोज येई. तो सांगे, ती टिपून घेई आणि घरी जाऊन सुवाच्य उतरवून काढी. २६ दिवसांत ‘जुगारी’ पुरी झाली. पुढे हीच आन्ना त्याची पत्नी झाली आणि १८७३ पासून त्याची पुस्तके घरूनच छापून विकू लागली.

प्रेषिताला लघुलेखिका कशाला लागेल? मेरेझकोव्हस्कीला ती कर्जे ठाऊक होती, पण त्याच्या लेखी तीही नियतीची लीला. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, म्हणून मला ह्याचा राग येतो. मुदतीच्या दिवशी स्टेलोव्हस्की गावातून पसार झाला, तेव्हा डोस्टोएव्हस्कीने हस्तलिखित पोलीस ठाण्यात देऊन रीतसर पावती घेतली. ती पावती कशाचे प्रतीक, हे ह्या मंडळींनी मला सांगावे.