आधी चटई, मग विमान

पाहुणा दारात आला की आमच्या लहानपणी आई आधी चटई टाकायची आणि मग 'बसा' म्हणायची. पाहुणा मामलेदार असो की उधारी मागायला आलेला वाणी, भुईवर टेकलेला तिला चालायचा नाही. हा संस्कार माझ्या अंगात इतका मुरला आहे की साठी उलटल्यावर मी प्लास्टिकची विमानं जोडायला लागलो, तेव्हा पहिला प्रश्न हाच पडला : याच्याखाली टाकायचं काय?

लोकांना हा प्रश्न पडत नाही. हेच माझं लोकांशी भांडण आहे, आणि ते आज मी चारचौघांत मांडणार आहे.

आमच्या छंदातले एक स्नेही आहेत. त्यांनी दुसऱ्या महायुद्धातलं एक लढाऊ विमान तीन महिने खपून जोडलं. कॉकपिटमधल्या घड्याळांचे काटेसुद्धा रंगवले, भिंगाखाली, श्वास रोखून. आणि मग ते विमान ठेवलं कुठे? तर आरशावर! का, तर पोटाखालचं कामही दिसावं म्हणून. मी म्हटलं, "अहो, हे लढाऊ विमान आहे की सलूनमध्ये आलेलं गिऱ्हाईक?" तेव्हापासून ते माझ्याकडे चहा घेत नाहीत. दुसरे एक आहेत, ते कॅरमच्या बोर्डावर हिरवं फडकं पसरून त्यावर चार विमानं उभी करतात. लांबून पाहिलं तर भाजीवाल्याने वांगी मांडल्यासारखी दिसतात.

या मंडळींचं म्हणणं असं, की बघायचं ते विमान, जमिनीकडे कोण बघतो? मी म्हणतो, ज्या मराठी माणसाने लहानपणी दिवाळीत किल्ला केला आहे, त्याने तरी हे बोलू नये. आठवा जरा. बाजारातून आणलेले मातीचे मावळे दहा मिनिटांत मांडून व्हायचे. आठ दिवस लागायचे ते जमिनीला. दगड-विटा रचा, पोती टाका, चिखल थापा, अळीव पेरा आणि रोज सकाळी उगवलं का ते पाहा. महाराज सिंहासनावर शेवटी बसायचे. आधी डोंगर, मग राजा, हा आपला क्रम. मग विमानाच्या बाबतीतच आपण इतके हवेत का?

तर आता मूळ मुद्दा. युद्धातल्या विमानांखाली पुष्कळ ठिकाणी खरोखरच चटई होती, आणि तीही लोखंडी. अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअरांनी ही युक्ती काढली आणि नोव्हेंबर १९४१मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या मार्स्टन गावाजवळच्या लष्करी सरावात ती वापरून पाहिली. म्हणून तिचं नाव मार्स्टन मॅट. आपल्याकडच्या लष्करी बोलीत तिला पीएसपी म्हणतात. पीएसपी म्हटलं की आमच्या पिढीला प्रजा समाजवादी पक्ष आठवतो. या पीएसपीशी त्याचा काही संबंध नाही. शिवाय लोखंडी पीएसपीच्या पट्ट्या एकदा एकमेकींत अडकवल्या की सहसा सुटत नसत.

एक पट्टी दहा फूट लांब, पंधरा इंच रुंद, वजन सुमारे तीस किलो. म्हणजे दोन माणसांनी उचलून नेण्याजोगी. एका लांब कडेला आकडे, दुसऱ्या कडेला खाचा. आकडा खाचेत घालायचा, सरकवायचा, की झालं. आणि प्रत्येक पट्टीला सत्त्याऐंशी भोकं, एकोणतीसच्या तीन रांगा. भोकांनी वजन कमी होतं, पाणी खाली झिरपतं, आणि भोकांच्या कडा दाबून वाकवलेल्या असल्यामुळे पातळ पत्र्याला ताठपणा येतो. पाच हजार फूट लांब आणि दीडशे फूट रुंद धावपट्टीचा हिशेब मी पाठकोऱ्या कागदावर केला. साठ हजार पट्ट्या, अठराशे टन लोखंड, आणि बावन्न लाख वीस हजार भोकं. भोकांवरून गाडी कशी न्यायची हे आम्हा भिवंडीकरांना वेगळं शिकवायला नको. पण भोकं मोजून, आखून, एका ओळीत पाडता येतात, हे पाहून मात्र मला भरून आलं.

आता हे सगळं बहात्तराव्या हिश्शात आणायचं. म्हणजे सहा फुटांचा एक इंच. दहा फुटांची पट्टी होते सव्वाचार सेंटिमीटरची, रुंदी सव्वापाच मिलिमीटर, आणि भोक जेमतेम एक मिलिमीटर. परदेशात हे पितळेच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेलं तयार मिळतं. मी एक मागवलं. ते समुद्र ओलांडून भिवंडीतल्याच एका गोदामात आलं. सगळ्या मुलखाचा माल आधी भिवंडीतच उतरतो. माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटं. तिथून ते, का कोण जाणे, दुसऱ्या राज्यात गेलं, तिथे चार दिवस राहिलं, आणि परत त्याच गोदामात आलं. घरी पोचलं तेव्हा दुमडलेलं होतं. मी ते जोडण्याआधीच त्याने युद्ध पाहिलेलं होतं.

तेव्हा ठरवलं, आपली चटई आपणच विणायची. आमचं गाव यंत्रमागांचं. शेजारच्या खोल्यांत माग रात्रंदिवस खटाखट चालतात. इथे राहून विणलेला माल बाहेरून आणणं हा बेइमानीचा प्रकार झाला.

कृती सांगतो, कुणाला हवी असल्यास. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल घ्यावी. (घरात विचारून घ्यावी. मी विचारलं नाही.) खाली जुन्या वहीचा पुठ्ठा ठेवावा. घड्याळजीकडून मोडक्या गजराच्या घड्याळातलं एक दातेरी चाक मागून आणावं, ते दाभणाच्या दांड्यात बसवावं, आणि फूटपट्टीच्या कडेने दाबत फिरवावं. दातांची नीट रांग उमटते. अशा तीन रांगा झाल्या की पट्टी कापावी आणि प्रत्येक खुणेवर बोथट सुईचं टोक दाबावं. तीस सेंटिमीटर बाय वीसच्या फळीला पावणेतीनशेच्या आसपास पट्ट्या लागतात. भोकं, तेवीस हजारांच्या वर.

सहाशेव्या भोकाला आमची ही मागे येऊन उभी राहिली. "काय चाललंय?"

"धावपट्टी."

"पोळ्या कशात गुंडाळू?"

या प्रश्नाला लष्करी इतिहासात उत्तर नाही.

इथवर आलेल्या माणसाचीही माझ्या तावडीतून सुटका नाही. कारण चटई टाकणारेही बहुतेक चुकीची टाकतात. एक, फरशी बसवल्यासारखे सांध्याला सांधा जुळवतात. खरी चटई विटांच्या भिंतीसारखी असते, पुढच्या रांगेचा सांधा मागच्या पट्टीच्या मधोमध. दोन, पट्ट्या धावपट्टीच्या लांबीला लावतात. त्या आडव्या लागतात, विमानाच्या वाटेला काटकोनात. आणि तीन, हा अपराध मला पाहवत नाही, वरून चंदेरी रंग मारतात! पावसाळ्यातून गेलेलं लोखंड लग्नातल्या ताटासारखं चमकेल का? त्याला गंज हवा, चाकांनी ओढलेला चिखल हवा, कडेच्या पट्ट्या जरा उचललेल्या हव्यात, आणि भोकाभोकांतून गवत वर आलेलं हवं. लोखंडाने जमीन झाकली तरी जमीन आपलं काम सोडत नाही, हे त्या गवताने सांगायचं असतं.

शिवाय सगळीकडे लोखंडच होतं असंही नाही. ब्रह्मदेशच्या आघाडीवर लोखंड पुरेसं पोचत नव्हतं. तिथे जनरल स्लिमच्या चौदाव्या आर्मीने तागाचं गोणपाट डांबरात भिजवून अंथरलं आणि त्याचे रस्ते आणि धावपट्ट्या केल्या. त्याला बिथेस म्हणत. विणलेल्या कापडावर विमानं उतरली! भिवंडीत राहणाऱ्या माणसाची मान यावर ताठ व्हायला हरकत नाही. तेव्हा माझा हट्ट लोखंडाचा नाही. जिथे लोखंड तिथे लोखंड, जिथे गोणपाट तिथे गोणपाट. हट्ट आहे तो खालचं खरं असण्याचा.

असा मी मोठ्या तोऱ्यात होतो. चटई झाली, गंज चढला, वर हरिकेन उभं राहिलं. मी ते पुढच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत भरेल असं ठेवलं. आणि एका सकाळी आमचा दूधवाला हिशेबाला आत आला. तो मूळचा नेवाळीकडचा. कल्याणहून मलंगगडाकडे जाताना लागतं ते नेवाळी. तो वाकून बराच वेळ बघत राहिला. मी वाट पाहत होतो, आता विचारेल, भोकं किती?

तो म्हणाला, "विमान बेस हाय, काका. पन खालचं शेत कोनाचं?"

मी तेवीस हजार भोकं मोजली होती. हे मोजलं नव्हतं.

नेवाळीची गोष्ट ठाणे जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणजे ठाऊक असून विसरलेली आहे. महायुद्धात इंग्रज सरकारने तिथल्या गावांची शेतजमीन विमानतळासाठी घेतली. युद्ध संपलं, विमानं गेली, इंग्रजही गेले. जमीन संरक्षण खात्याकडे राहिली. शेतकरी मागत राहिले, कसतही राहिले. जून २०१७मध्ये तिथे नौदलाची कुंपणभिंत उभी राहू लागली तेव्हा आंदोलन पेटलं, गाड्या जळल्या, पोलीस आणि गावकरी दोघेही जखमी झाले. आमच्या दूधवाल्याच्या आजोबांचं शेत त्यातच होतं. "आजा बोलायचा, लढाई सरली का देनार हायेत," तो म्हणाला आणि दुधाचे पैसे मोजून निघून गेला.

मी आरशावाल्या स्नेह्यांना हसलो होतो. पण आरशावर विमान ठेवणाऱ्याने निदान जमीन नाहीच असं प्रामाणिकपणे कबूल केलेलं असतं. मी जमीन दाखवली आणि ती कुणाची हे विचारलं नाही. माझ्या चटईवर गंज होता, चिखल होता, गवत होतं, फक्त मालक नव्हता.

म्हणून आता माझं भांडण थोडं वाढलं आहे. छंदवाल्यांनो, चटई टाका, खरी टाका, आडवी टाका, गंजवा. पण ती फळीच्या कडेपर्यंत नेऊ नका. दोन बोटं जागा सोडा. तिथे शेताचा मोडका बांध दिसू द्या, निम्मा चटईखाली गेलेला. बांधाचं माप कुठल्या पुस्तकात मिळत नाही, ते विचारायला जावं लागतं. माझ्यासाठी ते दूधवाल्याने दिलं, हाताने दाखवून, गुडघ्याच्या जरा खाली.

तो बांध मी मागच्या आठवड्यात केला. बहात्तराव्या हिश्शात तो साधारण सहा मिलिमीटर भरतो. त्यावर अळीव पेरता येत नाहीत, म्हणून भुसा रंगवून लावला.

काल पाहुणे आले होते. म्हणाले, विमान सुंदर आहे. मी म्हटलं, बसा. आणि सवयीने आधी चटई टाकली.