कानाची साक्ष

संगीताचा शौक आपल्या घरांस नवा नाही. परंतु संगीत ज्या यंत्रांतून ऐकावयाचे त्या यंत्रांचीच तुलना करीत बसण्याचा शौक मात्र अलीकडे आपल्या तरुण मंडळींत शिरला आहे. कोणी कानांवर घालावयाचे हेडफोन एकामागून एक आणवून पारखतो, कोणी अँप्लिफायर बदलतो, कोणी नुसत्या तारा बदलतो. घरातील वडील मंडळींस हे सारे खूळ वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. बारकाईने ऐकण्याची सवय ही चांगली सवय आहे, आणि पत्ते कुटीत बसण्यापेक्षा ती केव्हाही बरी. प्रश्न एवढाच की, या तुलनेत साक्ष कोण देतो, कान की डोळे? घरातील बराच पैसा या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असल्यामुळे त्याचा विचार येथे करणे अप्रस्तुत होणार नाही.

नैयायिकांनी प्रत्यक्ष हे प्रमाण मानले खरे. पण इंद्रियाचा विषयाशी संबंध येऊन झालेले प्रत्येक ज्ञान प्रमाण, असे ते म्हणत नाहीत. ते ज्ञान अव्यभिचारी असावे लागते. शिंपीवर रुप्याचा भास होतो तोही डोळ्यांनाच होतो. कानांचीही तीच गत आहे. अमेरिकेत एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून सुमारे दहा वर्षे गावोगाव सभा भरविल्या. रंगमंचावर गायिका व तिच्याशेजारी फोनोग्राफ. मध्येच दिवे मालवीत, आणि गाते आहे ते माणूस की यंत्र, हे श्रोत्यांनी ओळखावयाचे. पुष्कळांना ते ओळखता आले नाही, असे त्या काळच्या वर्तमानपत्रांत छापून येई. त्या यंत्राची खरखर आज शाळकरी पोरासही तत्काळ जाणवेल. पुढे ॲना केस या गायिकेने वृद्धापणी सांगितले की, आपण आपला आवाजच यंत्राच्या आवाजाशी मिळता ठेवीत असू!

आधुनिक संशोधकांनी या गोष्टीचा छडा अधिक शिस्तीने लावला आहे. १९९४ साली फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह यांनी चाळीस श्रोत्यांस चार स्पीकर ऐकविले. प्रथम पडद्याआड, नंतर समोर ठेवून. श्रोते हे ध्वनियंत्रे करणाऱ्या कंपनीतीलच लोक होते. तथापि यंत्रे समोर दिसू लागताच भव्य व महाग स्पीकरांचे गुण वाढले, आणि लहान व स्वस्त संचाचे घटले. २००७ साली मायर व मोरन यांनी उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण आणि तेच साध्या सीडीच्या मापात उतरविलेले, यांतील भेद ओळखावयास लावले. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे निम्म्याहून एक कमी. आणि २०१७ साली ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मापे तपासली, तेव्हा त्यांच्या ध्वनीच्या वळणाचा किमतीशी काहीच मेळ बसेना.

आमच्या घरीही असा एक प्रसंग आला. आमचा पुतण्या पुण्यास अभियंता आहे. अंकरूपाने साठविलेल्या ध्वनीचे विद्युत्प्रवाहात रूपांतर करणारी, ‘डॅक’ नावाची एक पेटी घेण्याचे त्याच्या मनाने घेतले. किंमत त्याच्या महिन्याच्या पगाराइतकी. मित्राकडून ती पेटी चार दिवसांकरिता आणून त्याने आम्हांस ऐकविली, आणि जुन्या स्वस्त पेटीपुढे ती किती वरचढ आहे हे भरभरून सांगितले. आम्ही म्हटले, “बाबा रे, परीक्षा घेतल्यावाचून गुण देण्याची सवय आम्हांस नाही.”

परीक्षेचे नियम दोनच. पहिला असा की, दोन्ही पेट्यांचा आवाज समान असला पाहिजे; कारण आवाज यत्किंचित मोठा असला, तरी कान त्यास ‘मोठा’ न म्हणता ‘चांगला’ म्हणतो. पुतण्याने मल्टिमीटर लावून तो समान केला. दुसरा नियम असा की, कोणती पेटी चालू आहे हे ऐकणाऱ्यास कळता कामा नये. त्याच्या वहिनीने शेजारच्या खोलीत बसून दर वेळी नाणे उडवावे, छापा आल्यास जुनी, काटा आल्यास नवी पेटी जोडावी, व पुतण्याने कागदावर उत्तर लिहावे, असे ठरले. सोळा प्रयत्नांत नऊ उत्तरे बरोबर आली. केवळ अंदाजाने उत्तरे दिली, तरी शंभर परीक्षांपैकी चाळिसांत नऊ किंवा अधिक बरोबर येतात. बारा आली असती, तर मात्र तो अंदाज आहे असे आम्ही सहसा म्हटले नसते. “काका, सोळा वेळा ऐकून कान थकतो,” पुतण्या म्हणाला. आक्षेप रास्त होता. दुसरे दिवशी सकाळी, ताज्या कानांनी, पुन्हा सोळा प्रयत्न झाले. या खेपेस आठ बरोबर. पेटी मित्राकडे परत गेली.

यावरून सर्व यंत्रे सारखीच, असा अर्थ कोणी काढू नये. तारा व नीट बांधणीच्या पेट्या यांतील भेद बहुधा कानाच्या पलीकडचे असतात. पण हेडफोना-हेडफोनांतील भेद मोठे व खरे असतात. खालचे, मधले व वरचे स्वर कोणी किती उचलून धरावे यात त्यांचे वळण निरनिराळे असते, आणि कानावर गादी नीट न बसली तर एकाच हेडफोनाचा खर्जही पळून जातो. १९६८ साली जर्मनीतील झेनहायझर कंपनीने उघड्या पाठीचे हेडफोन काढले. असल्यांत गाणे मोकळे वाटते. पण बाहेरचा गोंगाटही आत येतो. घरी निवांत ऐकावयास ते उत्तम, आगगाडीत निरुपयोगी. पारख करावयाची तर आम्ही मिरजेचा तंबोरा सुचवितो. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून गांधार आपोआप उमटतो. तो स्वच्छ ऐकू आला, म्हणजे यंत्राने आपले काम केले. उलट अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकडीत जे उतरलेच नाही, ते लाख रुपयांचा हेडफोनही देऊ शकणार नाही.

आता मुख्य गोष्ट. हेडफोन बिघडला तर दुसरा आणता येतो. कान आणता येत नाही. कानातील शंखाकार भागात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म रोमपेशी असतात, आणि मनुष्यात त्या एकदा मेल्या म्हणजे पुन्हा उगवत नाहीत. वयोमानाने त्या झिजतातच. आमच्या वयाच्या माणसास वरचे सूक्ष्म नाद मुळी ऐकूच येत नाहीत. पण पंचविशीतच ही स्थिती ओढवून घेण्याचे कारण काय? जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा अशी: ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास. पुढे दर ३ डेसिबलास हा वेळ निम्मा होतो. ८६ ला १० तास, ८९ ला केवळ ५. मुलांकरिता मर्यादा ७५ डेसिबलांचीच आहे. आगगाडीच्या खडखडाटावर मात करण्याकरिता जो आवाज चढवितो, तो ही मर्यादा केव्हा ओलांडतो हे त्यासही कळत नाही. बाहेरचा गोंगाट दाबणारे हेडफोन तेथे उपयोगी पडतात. कारण त्यांत आवाज चढवावा लागत नाही.

तेव्हा घरच्या कर्त्या मंडळींस आमची विनंती अशी की, मुलांचा हा शौक मोडू नये; त्यास परीक्षेची शिस्त मात्र लावावी. आणि तरुणांनी पैसे मोजण्यापूर्वी एक संध्याकाळ, एक नाणे व एक कोरा कागद एवढा खर्च अवश्य करावा. सोळांपैकी किती उत्तरे बरोबर आली, हे वाचकांनी आम्हांस कळविल्यास आनंद होईल. बारा वा अधिक आलेल्यांनी यंत्राचे नावही कळवावे.