सायकल चालवा, पण कुठे?

मधुमेहाच्या एका रुग्णाला मी रोज अर्धा तास सायकल चालवायला सांगितली. ते म्हणाले, "डॉक्टर, साखर उतरायच्या आधी मीच ट्रकखाली जायचो!" मी निरुत्तर झालो.

पुढे मुलीकडे अमेरिकेत गेलो, तेव्हा उत्तर सापडले. वॉशिंग्टनपासून कंबरलंडपर्यंत पोटोमॅक नदीच्या खोऱ्यातून चेसापीक-ओहायो कालव्याची २९७ किलोमीटरची वाट जाते. पूर्वी तिच्यावरून खेचरे नावा ओढीत. १९२४ मध्ये कालवा बंद पडला. आज त्या माती-खडीच्या वाटेवर मोटारींना मज्जाव आहे. दुतर्फा दाट झाडी, पलीकडच्या काठावर हार्पर्स फेरी हे इतिहासप्रसिद्ध गाव. एवढ्या अंतरात चढ जेमतेम १८५ मीटर. त्यामुळे माझ्या साठीतल्या गुडघ्यांनी कुरकुर केली नाही.

ही वाट आपोआप टिकली नाही. तेथे मोटाररस्ता होणार होता. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस विरोध म्हणून ती संपूर्ण वाट चालले. १९७१ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला.

आपल्याकडेही पाटाच्या कडेने कच्चे रस्ते आहेत. शेतकऱ्यांची ये-जा वगळून सकाळी दोन तास तरी ते वाहनांना बंद ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आठवड्याला १५० मिनिटे मध्यम व्यायाम हवा, हे आम्ही डॉक्टर सांगतो. पण जागाच नसेल तर हे औषध चिठ्ठीवरच राहते. वाचकहो, येत्या ग्रामसभेत हा विषय जरूर मांडा.