तिसरा खांब

या सदरातून मी सहसा शब्दांच्या खोड्या काढतो आणि वाचक त्या निमूटपणे सोसतात. यंदा मात्र भूमितीवर लिहिणार आहे. दहावीच्या परीक्षेत भूमितीने मला आणि मी तिला कसेबसे सोडले होते. जवळजवळ तीस वर्षांनी ती पुन्हा घरात शिरली, ती भाच्याच्या लॅपटॉपमधून. आणि निमित्त झाले आमच्या साताऱ्याच्या घराचे.

ते घर आता नाही. २०११ साली भाऊबंदांच्या संमतीने ते पाडले आणि तिथे चार मजली इमारत उभी राहिली. पाडण्यापूर्वी सगळ्या घराचे फोटो काढून ठेव, असे आईने मला तीनदा सांगितले होते. मीही तिन्ही वेळा 'काढतो' म्हणालो होतो. नेमके पेपर तपासण्याचे दिवस होते. ज्या रविवारी जायचे ठरले तो रविवार उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत गेला. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा कौले उतरलेली होती, पडवीचे खांब लाकूडवाल्याच्या ट्रकमध्ये चढत होते आणि चौकात मातीचा ढीग होता. आई त्यावर पुढे एक शब्दही बोलली नाही. चांगली रागावली असती तर मला सोपे गेले असते.

या मे महिन्यात भाचा सुट्टीला आला. तो कंप्यूटर व्हिजन शिकतो, म्हणजे यंत्राला पाहायला शिकवणे शिकतो. आईने कौतुकाने त्याच्यापुढे जुन्या फोटोंचा बिस्किटांचा डबा उघडला. बाबांनी १९७४ पासून पुढे वीस-बावीस वर्षे काढलेले घरातले फोटो त्यात होते; बहुतेक अॅगफाच्या क्लिक थ्री कॅमेऱ्याने, एका रोलमध्ये बारा या हिशेबाने जपून काढलेले. भाच्याने ते पत्त्यांसारखे जमिनीवर मांडले आणि म्हणाला, "मामा, यातून घर परत उभं करता येईल."

मी अर्थातच हसलो. तेव्हा त्याने मला बामियानची गोष्ट सांगितली. अफगाणिस्तानातल्या त्या दोन प्रचंड बुद्धमूर्ती मार्च २००१ मध्ये सुरुंग लावून उडवल्या, हे आपण सर्वांनी वाचले होते. पण ऑस्ट्रियाच्या प्रा. कोस्टका यांनी १९७० साली मोजमापाच्या खास कॅमेऱ्याने मोठ्या मूर्तीचे तीन फोटो काढून ठेवले होते. झुरिचच्या तंत्रविद्यापीठातल्या आर्मिन ग्रुएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या फोटोंवरून ती पन्नास मीटरांहून उंच मूर्ती, वस्त्राच्या चुण्यांसकट, संगणकात पुन्हा घडवली. प्रवाशांनी सहज काढलेल्या फोटोंवरूनही त्यांनी तसा प्रयत्न करून पाहिला.

आता हे घडते कसे? मला समजले तेवढे सांगतो. गणिताच्या प्राध्यापकांनी पान उलटावे.

एका फोटोत खोली नसते. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा, म्हणजे पटेल. फोटोतला प्रत्येक ठिपका एवढेच सांगतो की वस्तू या दिशेला आहे. किती लांब, ते सांगत नाही. पण तुम्ही जागा बदललीत की जवळच्या वस्तू लांबच्या वस्तूंपेक्षा जास्त सरकतात. आगगाडीच्या खिडकीतून तारेचे खांब सपासप मागे पळतात आणि डोंगर मात्र बराच वेळ सोबतीला असतो, ते याच न्यायाने. दोन जागांवरून काढलेल्या दोन फोटोंत एकच कोपरा ओळखू आला, तर दोन्ही कॅमेऱ्यांपासून त्या कोपऱ्याकडे एकेक रेघ काढायची. जिथे रेघा भेटतील तिथे कोपरा.

इथे मी विचारले, "पण कॅमेरे कुठे होते हे कुणी सांगायचं?"

"तेच तर!" भाचा म्हणाला. कॅमेऱ्याची जागा ठाऊक असेल तर घर कळते आणि घर ठाऊक असेल तर कॅमेऱ्याची जागा कळते. आपल्याला दोन्ही ठाऊक नसते. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, हे मराठीत आपण फार पूर्वीच नोंदवून ठेवले आहे. पण त्यावर उपाय काढला तो परदेशी लोकांनी. एर्विन क्रुप्पा नावाच्या ऑस्ट्रियन गणित्याने १९१३ मध्ये दाखवले की दोन फोटोंत समान असे अवघे ५ बिंदू सापडले तरी तत्त्वतः पुरते, मात्र उत्तरे एकाहून अधिक निघू शकतात. पुढे १९८१ मध्ये लाँगे-हिगिन्स यांनी 'नेचर'मध्ये एक छोटासा लेख लिहून ८ बिंदूंवरून सरळ हिशेबाने दोन कॅमेऱ्यांचे परस्परांशी नाते काढण्याची रीत दिली. हे गृहस्थ मूळचे सैद्धांतिक रसायनशास्त्राचे, आणि मधेच मनाच्या अभ्यासाकडे वळलेले. आपला विषय सोडून भलतीकडे भटकणाऱ्या प्राध्यापकांविषयी मला पहिल्यापासून आदर आहे. हा लेख लिहिताना तो वाढला.

ही झाली सुरुवात. मग संगणक तिसरा फोटो जोडतो, चौथा जोडतो, आणि दर थोड्या वेळाने सगळ्या कॅमेऱ्यांच्या जागा आणि सगळे बिंदू किंचित किंचित हलवून पाहतो, की हजारो रेघा जास्तीत जास्त नेमकेपणाने एकमेकींना भेटाव्यात. याला बंडल ॲडजस्टमेंट म्हणतात. मी त्याला 'मोळी बांधणे' असे नाव सुचवले. भाच्याने ते हसण्यावारी नेले. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मंडळींनी २००९ मध्ये इंटरनेटवरून रोम शहराचे दीड लाख फोटो गोळा केले आणि सुमारे ५०० संगणकी गाभे कामाला लावून एका दिवसाच्या आत तिथले कलोसियम वगैरे उभे केले. एकमेकांना न ओळखणाऱ्या हजारो प्रवाशांनी, जो तो आपापल्या जागी उभा राहून, काढलेले फोटो! रोम एका दिवसात बांधले गेले नाही या म्हणीची त्यांनी अशी जिरवली.

आमच्या घराला दीड लाख कुठून असणार? डब्यात एकशे अडतीस निघाले. भाच्याने दोन दिवस बसून ते स्कॅन केले, रात्री संगणकाला हिशेब लावला आणि सकाळी चहाच्या वेळी त्याचे तोंड उतरलेले होते.

घर उभे राहिले नव्हते. बाबांनी जवळजवळ सगळे फोटो एकाच जागेवरून काढले होते.

आईने ऐकले आणि ती म्हणाली, "मग? तिसऱ्या खांबाला टेकून उभे राहायचे. हात हलतो म्हणून." ते तर मीही लहानपणापासून पाहत आलो होतो. पडवीच्या तिसऱ्या खांबाला पाठ लावायची, श्वास रोखायचा आणि मग खटका ओढायचा. तिथून ते कधी विहिरीकडे वळत, कधी स्वयंपाकघराकडे, कधी जिन्याकडे. पण जागेवरच नुसते वळल्याने खोली कळत नाही. कॅमेरा नुसता फिरवला की त्याच्या दृष्टीने जवळचा रांजण आणि लांबची भिंत सारख्याच हिशेबाने सरकतात; रेघा सगळ्या एकाच ठिकाणाहून निघतात, मग त्या दुसरीकडे भेटणार कशा? कित्येक फोटोंत कौलांच्या वर अजिंक्यतारा दिसतो. त्याचा उपयोग एवढाच झाला की कॅमेरा कोणत्या बाजूला किती वळला होता ते नेमके कळले. किल्ला इतका दूर, की चौकात कुठेही उभे राहा, त्याला फरक पडत नाही.

आणखी एक गोष्ट त्याने चाचरत सांगितली. माणसे संगणकाला नको असतात. भिंत या फोटोत जिथे असते तिथेच दुसऱ्या फोटोत असते. माणसे मात्र हलतात, उठून जातात, मोठी होतात. त्यांचे बिंदू कुठल्याच हिशेबात बसत नाहीत, म्हणून चुकार समजून ते वगळायचे. बाबांनी बारातले बारा फोटो माणसांसाठी काढले होते, भिंती आपल्या मागे आल्या होत्या. आणि आम्ही आता माणसे काढून टाकून भिंती शोधत होतो. मला ते बरे वाटले नाही. पण तसे म्हणण्याचा अधिकार, घराचे फोटो काढायला एक रविवार उशिरा पोहोचलेल्या माणसाला कितपत असावा?

मार्ग आईनेच काढला. तिने आत्याला फोन लावला. आत्याचे लग्न १९८४ साली झाले. लग्न कार्यालयात होते, पण ग्रहमख आणि हळद घरच्या चौकात. त्या दिवशी बाबा वधूपक्षाच्या धावपळीत होते, त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. फोटो काढले ते पाहुण्यांनी. एकजण विहिरीच्या कट्ट्यावर चढला होता, एकजण जिन्यात होता, कुणी मुंबईचे गृहस्थ सारखे मधे मधे येत म्हणून आजी त्यांच्यावर वैतागली होती. त्या गृहस्थांचे आम्ही आता जन्मभर ऋणी आहोत. आत्याच्या अल्बममधून त्रेचाळीस फोटो आले, त्यातले एकतीस जुळले. संध्याकाळी लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर चौक दिसू लागला. ठिपक्यांचाच, धुक्यातून दिसावा तसा. पण भाच्याने बोटाने फिरवला की तो खरोखर फिरत होता. पडवीचे खांब, विहिरीचे रहाट, स्वयंपाकघराची खिडकी. मधे मधे भोके होती. स्वयंपाकघराच्या पायरीच्या जागी एक मोठे भोक होते. हळदीच्या दिवशी माझी आजी सकाळपासून तिथे बसून होती, आणि ती पायरी तिच्याशिवाय कुणी टिपलीच नव्हती.

"केवढं आहे रे हे?" आईने विचारले. प्रश्न मोठा मार्मिक होता. नुसत्या फोटोंवरून आकार कळतो, माप कळत नाही. काडेपेटीएवढे घर करून मुंगीने फोटो काढले असते, तरी फोटो तसेच आले असते. कुठले तरी एक खरे अंतर बाहेरून द्यावे लागते. आम्ही पडद्यावर शोधू लागलो, की यातले आज आपल्याजवळ काय उरले आहे? कोपऱ्यात पाहुण्यांच्या पाण्यासाठी पेटवलेला बंब होता. तेव्हा काजळीने काळाकुट्ट. आता आमच्या गॅलरीत चकचकीत घासलेला, त्यात मनीप्लँट. सौभाग्यवतींनी शिवणाची टेप आणली. धुराडे सोडून सव्वीस इंच भरला. भाच्याने तो आकडा घातला आणि चौकाला मापे आली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून विहिरीच्या कट्ट्यापर्यंत सतरा फूट चार इंच.

"अकरा पावलं," आई म्हणाली. "भरली कळशी घेऊन."

मग दिवाणखान्याच्या दारापासून आतल्या खोलीपर्यंत भाच्याने सतरा फूट चार इंचांवर खडूने खूण केली आणि आई चालून आली. चौदा भरली. "चुकलंय तुझं," ती भाच्याला म्हणाली. त्याने मान खाली घालून आकडे पुन्हा तपासले. मी काहीच बोललो नाही. आईला आता सत्तरी उलटून बरेच दिवस झाले आहेत.

दुसऱ्या दिवशी भाच्याला सुचले की आता चौक ठाऊक आहे, तर बाबांचे फोटो उलट्या बाजूने घेता येतील. घर ठाऊक असेल तर कॅमेऱ्याची जागा कळते ना! त्याने एकेक फोटो घातला. प्रत्येक फोटोसाठी, तो जिथून काढला गेला त्या जागी, पडद्यावर एक छोटी लाल शंकूसारखी खूण उमटत गेली. तिसऱ्या खांबापाशी त्या एकीवर एक पडत गेल्या. वीस-बावीस वर्षांच्या शंभराहून अधिक खुणा, आणि सगळ्या मिळून हात-दीड हाताच्या जागेत. त्यातल्या शेवटच्या शेवटच्या थोड्या खाली होत्या. तेव्हा ते खुर्ची घेऊन बसू लागले होते.

एकच खूण निराळी होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर. भाच्याने तो फोटो उघडला. खांबाला टेकून बाबाच उभे आहेत, कपाळाच्या वरचा भाग कापला गेलेला. हा फोटो आम्ही शेकडो वेळा पाहिला होता आणि कुणा पाहुण्याने बिघडवला म्हणून सोडून दिला होता.

"मामा, एवढ्या खालून म्हणजे तूच काढलास की!" भाचा म्हणाला. मला क्षणभर आनंद झाला. मग फोटो उलटून पाहिला. मागे बाबांच्या अक्षरात १९७८ लिहिले होते. माझा जन्म १९८१ चा.

आईने चष्मा पुसला आणि फोटो हातात घेतला.

"मी काढला," ती म्हणाली. "लग्नाला वर्ष व्हायचं होतं. उंबऱ्यात बसले होते. हे म्हणाले, हात हलेल, गुडघ्यावर ठेव आणि खटका ओढ. गुडघ्यावर ठेवल्यावर आत दिसतं कुठे? सासूबाई मागीलदारी गेल्या होत्या, तेवढ्यात."